लेस विग घातला तरी तो विग वाटू नये म्हणून काय करता येईल?

ताई, तुम्ही लिहिलंय की केमोनंतर केस अजून नीट आलेले नाहीत, वैशाखात धुळ्याला भाचीचं लग्न आहे आणि नवा लेस विग, म्हणजे पुढच्या कडेला बारीक जाळीत केस गुंफलेला विग, घातला की कपाळावर रेघ मारल्यासारखी दिसते. माझं जळगावला पार्लर आहे, विग बसवून द्यायचं कामही मी करते. नवाकोरा विग बहुतेक वेळा असाच दिसतो. तुमचं काही चुकलेलं नाही, आणि याहून महाग विग घेण्याची घाईही करू नका.

खरी अडचण जाळीपेक्षा केसांच्या दाटीची असते. आपल्या स्वतःच्या कपाळाच्या कडेला केस विरळ आणि बारीक असतात, अर्धा-एक इंच मागे गेल्यावर ते भरू लागतात. विगमध्ये पहिल्या ओळीपासूनच भरगच्च केस गुंफलेले असतात, म्हणून डोळा तिथेच अडतो. तेव्हा विग स्टँडवर किंवा पालथ्या पातेल्यावर पिनांनी पक्का बसवा, केस मागे विंचरा आणि भुवयांच्या प्लकरने एकेक केस काढा. अगदी कडेची ओळ राहू द्या, काढायचं ते तिच्या मागच्या दोन-तीन ओळींतून, विखरून. थोडं काढलं की विग घालून आरशात बघा. उपटलेला केस परत येत नाही, म्हणून हे काम दोन-तीन दिवसांत विभागून करा.

जाळी कापताना सरळ कात्री चालवू नका. विग घालून, लहान लहान तुकड्यांत, नागमोडी कापा आणि थोडी जाळी पुढे राहू द्या. तिचा रंग उठून दिसत असेल तर आतल्या बाजूने कपाळाच्या रंगाची कॉम्पॅक्ट पावडर लावा. उपचारांनंतर काही जणींची त्वचा काळवंडते, त्यामुळे जुन्या फाउंडेशनवर न जाता आजचं कपाळ बघून रंग घ्या.

जाळीवर काळे ठिपके दिसतात त्या केसांच्या गाठी. खऱ्या केसांच्या विगमध्ये त्या ब्लीच करून फिक्या करतात, पण पेस्ट पातळ झाली तर ती केसांच्या मुळात उतरते आणि मुळं तांबूस होतात. हे घरी करू नका. भांगात बारीक ब्रशने कन्सीलर लावलं तरी ठिपके बरेच झाकले जातात. सिंथेटिक विगला तर ब्लीच लावायचंच नाही. तो फार चमकत असेल तर थोडी टाल्कम पावडर लावून झटकून टाका.

आता आपल्याकडच्या उन्हाचं. पारा ४४-४५ ला जातो आणि घामाने गोंद सुटतो. शिवाय केमोनंतर त्वचा नाजूक असते, त्यामुळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोंद नकोच. डोक्याला आधी मखमली पट्टा बांधा, त्यावर विग चांगला धरून बसतो. लग्नात डोक्यावर पदर घेणार असाल तर ते सोयीचंच आहे, मागचं सगळं झाकलं जातं आणि मेहनत पुढच्या दोन इंचांवरच घ्यावी लागते. फक्त पदराची पिन पुढे जाळीत लावू नका, मागच्या दाट केसांत लावा. मोठ्यांच्या पाया पडताना वाकलं की पदर ओढला जातो, तेव्हा एक हात पदरावर राहू द्या. ओलं कुंकू जाळीत भरू नका, डाग निघत नाही. आणि विग सिंथेटिक असेल तर मांडे चालू असलेल्या चुलीजवळ बसू नका. त्या धगीने केस आक्रसतात आणि ते पुन्हा सरळ होत नाहीत.

विग फार खाली ओढायची सवय अनेकींना लागते. भुवयांच्या वर चार बोटं ठेवून मग त्याची कड बसवा. भुवया विरळ झाल्या असतील तर विग बसवल्यानंतर, काळ्याऐवजी तपकिरी पेन्सिलने, केसांसारख्या बारीक रेघांनी भरा.