केंद्रप्रमुख (शाळांच्या एका गटाचा पर्यवेक्षक) या नात्याने जिल्हा परिषद शाळांतल्या विज्ञान शिक्षकांना निर्णयाचं स्वातंत्र्य कसं देता येईल?

अनुदान तुमच्या हातात नाही, पण टाचणाची (शिक्षकाच्या पाठ नियोजनाच्या वहीची) तपासणी, शिक्षण परिषद (केंद्रातल्या शिक्षकांची बैठक) आणि शाळाभेटीचा शेरा तुमच्याच हातात आहे. तेवढ्यावर बरंच होतं.

सुरुवात कपाटापासून करा. बऱ्याच शाळांत विज्ञान पेटी कुलूपबंद असते आणि त्याचं कारण आळस नसतो. परीक्षानळीची नोंद डेडस्टॉकला, म्हणजे टिकाऊ साहित्याच्या नोंदवहीत झालेली असते. ती फुटली तर निर्लेखन होईपर्यंत, म्हणजे नोंदवहीतून रीतसर कमी होईपर्यंत, जबाबदारी शिक्षकाच्या डोक्यावर. काचेच्या नळ्या, मेणबत्त्या, लिटमस हे सगळं वापरून संपणाऱ्या साहित्याच्या नोंदवहीत घ्यायला मुख्याध्यापकांना सांगा. फुटतूट झाली की तारीख टाकून सही, विषय संपला.

टाचणात पाठांचा क्रम बदललेला दिसला तर लाल शाई बाहेर काढू नका. बी रुजणं जुलैत घेतलं आणि विद्युत परिपथ नंतर ठेवला, तर कारण एका ओळीत मागा. ते पटण्याजोगं असेल तर शेऱ्यात तसं लिहा, कारण तोंडी परवानगी पुढच्या तपासणीत उपयोगाची नसते.

शिक्षण परिषदेत पीपीटीऐवजी एक तास प्रयोग ठेवा, शिक्षकांनी स्वतःच्या हाताने करायचा. उदाहरणार्थ, ताटलीत दोन सेंटिमीटर पाणी, मध्ये पेटती मेणबत्ती, वर उपडा ग्लास. पाणी चढतं, आणि ‘ऑक्सिजन संपला म्हणून एक पंचमांश चढलं’ असं सर्रास सांगितलं जातं. आता त्याच मापाच्या ग्लासाखाली तीन मेणबत्त्या ठेवा. पाणी जास्त चढेल. ऑक्सिजन तर दोन्हीकडे तेवढाच! शिवाय पाणी भराभर चढतं ते ज्योत विझताना आणि विझल्यावर. मुख्य कारण म्हणजे तापून पसरलेली हवा थंड होऊन आकसते. तीन ज्योतींनी ती जास्त तापते आणि ग्लास टेकवण्याआधीच काही बाहेर निसटते. हे शिक्षकांना वादातून सापडू द्या; तुम्ही आधी सांगितलंत की संपलं. हा वाद घातलेला शिक्षक वर्गातलं अनपेक्षित निरीक्षण खोडणार नाही.

मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमात (1972, सुरुवात 16 शाळांपासून) मासिक बैठकांत शिक्षक नेमकं हेच करायचे. कुठला प्रयोग फसला ते तिथे यायचं आणि त्यावरून ‘बाल वैज्ञानिक’ ही पुस्तकं सुधारली जायची. तिथल्या शासनाने 2002 मध्ये हा कार्यक्रम बंद केला.

आकारिक मूल्यमापनात (शिकवताना वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनात) प्रयोगाला गुण असतातच. ते कशावर द्यायचे हे शिक्षकाला ठरवू द्या: मांडणी, नोंद की मुलाने विचारलेला प्रश्न. केंद्रासाठी एकच छापील तक्ता काढलात तर सगळे तोच भरतील, प्रयोग न करताही.

आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज फोटो मागणं थांबवा. फोटोसाठी केलेला प्रयोग पहिल्या झटक्यात यशस्वी व्हावा लागतो, म्हणून मग तो शिक्षकच करतो आणि मुलं मागे उभी राहतात.