वडील सत्तर वर्षांचे, हृदयाचे ठोके अनियमित. पोट असह्य दुखतंय, सोनोग्राफी नॉर्मल. आम्ही अक्कलकोटला आहोत. आतड्याचा रक्तपुरवठा अडला असेल का?

हो, शक्य आहे. वय सत्तर, हृदयाचे ठोके अनियमित, पोट दाबलं तर मऊ, तरी माणूस कळवळतोय, हीच याची खूण. हृदयातली गुठळी सुटून आतड्याच्या धमनीत अडकते. गॅसमुळे सोनोग्राफीत ती सहज निसटते. लॅक्टेटही (ऊतींना ऑक्सिजन कमी पडला की रक्तात वाढणारा घटक) सुरुवातीला नॉर्मल येऊ शकतं. निदान शिरेतून डाय (स्कॅनमध्ये रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून देतात ते द्रव्य) देऊन केलेल्या सीटी अँजिओग्राफीनेच, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या सीटी स्कॅननेच. तोंडाने डाय पाजण्यात किंवा क्रिएटिनिनच्या (किडनीच्या रक्ततपासणीच्या) रिपोर्टची वाट बघण्यात वेळ घालवू नये, कारण साधारण सहा तासांत आतडं काळं पडू लागतं. अक्कलकोटहून निघतानाच सोलापुरात सीटी आणि सर्जन आत्ता उपलब्ध आहेत का, फोनवर विचारा. पाणीही पाजू नका. रक्त पातळ करणारी गोळी मध्ये बंद केली असेल, तर ते पोहोचताच सांगा.