तुलना कशाशी केली?

वाचकांची पत्रे आणि उत्तरे

या वेळी आलेल्या पत्रांतली चार निवडली आहेत. एक केळीच्या बागेतून आले आहे, एक भुसावळच्या दुकानातून, एक सातपुड्यातून आणि एक कॉलेजच्या वसतिगृहातून. चौघांची अडचण मुळात एकच आहे: समोर ठेवलेला आकडा किंवा छापील कागद खरा मानायचा का? धुळ्याच्या कॉलेजात मी वर्षानुवर्षे संख्याशास्त्र शिकवले. असा कागद हाती आला की मी त्यात सगळ्यात आधी तुलना कशाशी केली आहे ते शोधते.

प्रश्न : ताई, माझ्या केळीच्या मृगबागेत ऑगस्टमध्ये हरण्या रोग आला. कृषी केंद्रवाल्याने एक औषध दिले. सोबतच्या पत्रकावर ‘विद्यापीठात सिद्ध, उत्पादनात २० टक्के वाढ’ असे छापले आहे. दोनदा आळवणी केली आणि ऑक्टोबरात नवी पाने स्वच्छ निघाली. आता तो माझा फोटो पत्रकावर छापायचा म्हणतो. शेजारचेही विचारायला येतात. याला संशोधन म्हणायचे का?
— केळी उत्पादक, रावेर तालुका

उत्तर : भाऊ, फोटो देऊ नका.

हरण्या म्हणजे कुकुंबर मोझॅक विषाणू. मावा ही रस शोषणारी कीड तो एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेते. काकडी, भोपळा, टोमॅटो, मिरची आणि बांधावरच्या कितीतरी तणांवर हा विषाणू जगतो. झाडात एकदा शिरला की त्याला मारून झाड बरे करणारे औषध नाही. मग तुमची पाने स्वच्छ कशी निघाली? या विषाणूची लक्षणे हवामानावर अवलंबून असतात. सलग पाऊस, ढगाळ दिवस, उतरलेले तापमान असले की पानांवर पिवळे पट्टे उठून दिसतात. ऊन वाढले की लक्षणे दबतात, विषाणू मात्र झाडातच राहतो. तुमच्या बागेत औषध पडले आणि त्याच सुमाराला ऊनही पडले. पाने दोघांपैकी कुणी स्वच्छ केली? चार ओळी औषधाविना सोडल्या असत्या तर उत्तर मिळाले असते. सगळ्याच बागेला आळवणी दिलीत, त्यामुळे आता ते कळायला मार्ग उरला नाही.

शेजाऱ्यांना एवढे नक्की सांगा की वरून बरे दिसणाऱ्या झाडावर मावा बसला तर तो विषाणू पुढे नेऊ शकतो. हरण्याची झाडे मुळासकट काढून बागेबाहेर नष्ट करायची, बांध स्वच्छ ठेवायचा, माव्यावर लक्ष ठेवायचे आणि बागेत काकडीवर्गातले आंतरपीक घ्यायचे नाही. औषधाच्या आशेवर रोगट झाडे ठेवली तर शेजारच्याचीही बाग जाते. माझी खरी काळजी ही आहे. डब्याचे पैसे गेले तर एका घरचे जातात, झाडे राखली तर शिवारभर नुकसान होते.

आता पत्रकावरच्या ‘२० टक्के वाढी’बद्दल. ही वाढ कशाच्या तुलनेत? गेल्या वर्षीच्या? गेल्या वर्षी पाऊस वेगळा होता. शेजारच्या बागेच्या? तिथली जमीन वेगळी आणि रोपेही वेगळी. एकाच शेतात, एकाच दिवशी लावलेल्या, सारखेच खत-पाणी दिलेल्या आणि फक्त हे औषध न दिलेल्या ओळींशी तुलना केली असेल तरच त्या टक्क्यांना अर्थ आहे. शिवाय कोणत्या ओळींना औषध द्यायचे हे विक्रेत्याने ठरवलेले नसावे, चिठ्ठ्या टाकून ठरलेले असावे.

चिठ्ठ्यांचा हा आग्रह संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांचा. ते १९१९ मध्ये इंग्लंडमधल्या रोदमस्टेड येथील शेती संशोधन केंद्रात गेले. तिथे वर्षानुवर्षांच्या पिकांच्या नोंदी पडून होत्या. त्या कामातून त्यांनी प्रयोगाची शिस्त घालून दिली: तुकडे पाडा, कोणाला काय द्यायचे ते चिठ्ठीवर सोडा आणि तीच गोष्ट पुन्हा पुन्हा करा. आपल्याकडे उत्पादनाचा अंदाज काढण्यासाठी पीक कापणी प्रयोगाला माणसे येतात तेव्हा चौकोन शेतात कुठे आखायचा हेही असेच यादृच्छिक आकड्यांवरून ठरते. चांगला भाग सोडून नेमका वाईट तुकडा धरला म्हणून बांधावर भांडणे होतात, ती मी पाहिली आहेत. पण चौकोन माणसाने निवडला, तर तो शेतकऱ्याच्या बाजूने झुकेल किंवा विमा कंपनीच्या. ही पद्धत भारतात रुजवणाऱ्यांत पां. वा. सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ होते.

तुम्हाला स्वतः करून पाहायचे असेल तर पुढच्या लागणीत निरोगी बागेवर करा. रोगट झाडे प्रयोगासाठी मुळीच ठेवू नका. बांधालगतच्या ओळी मोजणीत धरू नका. त्यांना ऊन जास्त मिळते, वाराही जास्त लागतो. ठिबकच्या नळीच्या तोंडाशी आणि शेपटाशी पाण्याचा दाब सारखा राहतोच असे नाही, म्हणून औषधाच्या ओळी सगळ्या विहिरीकडे आणि बिनऔषधाच्या सगळ्या लांब, असे होऊ देऊ नका. बागेचे पाच-सहा पट्टे पाडा. प्रत्येक पट्ट्यात एक ओळ औषधाची, एक बिनऔषधाची. कोणती कोणती, ते घरातल्या लहान मुलाला चिठ्ठी उचलायला लावून ठरवा. निसवण कधी झाली, म्हणजे घड कधी बाहेर पडला, ते खोडावर लिहा. कापणीला घड गाडीत सरसकट भरू देऊ नका, प्रत्येक घड काट्यावर वेगळा घ्या. वजन लिहिणाऱ्याला ओळ कोणती आहे हे माहीत नसेल तर आणखी चांगले.

मग दिसेल की बिनऔषधाच्या ओळींतही एक घड अठरा किलोचा निघतो आणि शेजारचा सव्वीसचा. असा चढउतार असताना सरासरी रासेत, म्हणजे घडाच्या सरासरी वजनात, किलोभराचा फरक आला म्हणून लगेच हुरळून जायचे नाही. सगळ्या पट्ट्यांत फरक एकाच दिशेने पडला आणि दुसऱ्या वर्षीही पडला, तर तो आकडा घेऊन माझ्याकडे या. त्या दिवशी फोटो काढायला मीच सांगेन.

प्रश्न : मे महिन्यात चौकातला फलक ४९ अंश दाखवतो, मोबाईल ४६ आणि दुसऱ्या दिवशी पेपरात ४४ छापून येते. सरकार उन्हाचा आकडा कमी करून सांगते असे आमच्याकडे बोलतात. खरे काय?
— किराणा दुकानदार, भुसावळ

उत्तर : तिन्ही आकडे वेगवेगळ्या गोष्टींचे आहेत. हवामान केंद्राचा तापमापक पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा ते दोन मीटर उंचीवर, सावलीत ठेवतात. ही पेटी थॉमस स्टीव्हन्सन यांची, १८६४ सालची. तिच्यात हवा खेळते, ऊन थेट शिरत नाही, म्हणून ती हवेचे तापमान सांगते. चौकातला फलक ऊन खातो, डांबराची धगही खातो आणि स्वतः किती तापला ते सांगतो. मोबाईलवरचा आकडा बहुधा तुमच्या चौकात मोजलेला नसतोच. आजूबाजूच्या केंद्रांवरून आणि गणिती प्रारूपावरून तो काढलेला अंदाज असतो. जगभर एकाच पद्धतीने मोजले तरच भुसावळची तुलना नागपूरशी किंवा पन्नास वर्षांपूर्वीच्या भुसावळशी करता येते. त्यामुळे पेपरातला आकडा लपवाछपवीचा नाही.

मात्र तुमच्या हमालाला तो आकडा पुरत नाही. उन्हात पोती उतरवणाऱ्याला हवेची उष्णता लागते, वरून ऊन लागते, खालून धग लागते. शरीर थंड होते ते घाम सुकल्यामुळे. एक ग्रॅम घाम सुकताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता अंगातून घेऊन जातो. आपल्याकडचा मे कोरडा असतो, म्हणून पाणी पीत राहिले तर हा उपाय चालतो. जूनच्या सुरुवातीला ढग येतात, तापमान दोन-चार अंशांनी उतरते, लोकांना हायसे वाटते. पण हवेत ओल वाढलेली असते आणि घाम सुकत नाही. ते दिवस कमी धोक्याचे समजू नका. अहमदाबादेत मे २०१० च्या लाटेत नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त माणसे दगावली. तिथल्या मृत्यूंच्या नोंदी नेहमीच्या मे महिन्यांशी ताडून पाहिल्या, त्यातून २०१३ चा उष्णता कृती आराखडा झाला आणि पुढे इतर शहरांनी तो उचलला. दुपारी बारा ते चार माल उतरवणे बंद ठेवायला तुम्हाला कुठल्या आराखड्याची वाट पाहायची गरज नाही.

प्रश्न : मी धडगाव तालुक्यात आशा आहे. माझ्या पाड्यावरच्या एका मुलाला सिकलसेल आहे. डॉक्टरांनी हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या लिहून दिल्या. त्याच्या मामाने मोबाईलवर वाचले की ते कॅन्सरचे औषध आहे आणि संशोधन अमेरिकेत झाले. आई आता गोळी देत नाही. तिला काय सांगू? दुसरे असे की बाहेरून लोक येतात, आमच्या लोकांचे रक्त, वजन, उंची घेऊन जातात, पुन्हा दिसत नाहीत. त्यांना काय म्हणायचे?
— आशा कार्यकर्ती, धडगाव तालुका

उत्तर : ताई, मामांनी वाचले ते खरे आहे, पण ते अर्धेच आहे. हे औषध रक्ताच्या काही कॅन्सरमध्ये देतात. सिकलसेलमध्ये ते वेगळ्या कामासाठी, डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत देतात. बाळ पोटात असताना त्याच्या रक्तात जे हिमोग्लोबिन असते, ते या गोळीने वाढते. ते वाढले की तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकण्याचे प्रमाण घटते. अमेरिका आणि कॅनडातल्या २९९ प्रौढ रुग्णांवरचा अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना औषध, निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी, आणि कुणाला काय ते चिठ्ठीने ठरलेले. औषध घेणाऱ्यांना वर्षाला साधारण अडीच वेळा वेदनेचे झटके आले, न घेणाऱ्यांना साडेचार वेळा.

आई जे विचारते ते अगदी योग्य आहे: ती माणसे कुठली आणि माझे पोर कुठले? संशोधकांनाही हाच प्रश्न पडला होता. जिथे मलेरिया आहे, कुपोषण आहे, तिथल्या मुलांना हे औषध सोसेल का? म्हणून अंगोला, काँगो, केनिया आणि युगांडा इथल्या एक ते दहा वर्षांच्या सहाशेहून अधिक मुलांना ते दिले. २०१९ मध्ये निष्कर्ष आले. औषधाआधीच्या काळाशी ताडले तर वेदनेचे झटके कमी झाले, मलेरिया कमी झाला, मृत्यूही कमी झाले. आपल्याकडच्या सिकलसेलच्या जनुकाचा प्रकार आफ्रिकेतल्यापेक्षा वेगळा आहे, त्यामुळे आजार सौम्य असतो असे पूर्वी म्हणत. विदर्भातल्या डॉक्टरांनी अतिशय गंभीर रुग्णही पाहिले आहेत, म्हणून ‘आपल्याला काही होत नाही’ या समजुतीवर विसंबू नका. आईला सांगा की गोळी सुरू करायची ती डॉक्टरांशी बोलून, आणि रक्ताची तपासणी ठरल्या वेळी करायचीच. पेशी फार उतरल्या तर डॉक्टर मात्रा बदलतात. तपासणी चुकवून गोळी चालू ठेवणे बरोबर नाही, आणि भीतीने एकदम सोडणेही नाही.

याच मुलाच्या भावंडांबद्दलही सांगते. पाड्यावर होणारी, द्रावण गढूळ होते का ते पाहण्याची रक्ताची चाचणी सिकल आहे की नाही एवढेच सांगते. वाहक (आई किंवा बाप एकाकडूनच दोष आलेला) की रुग्ण हे तिच्यावरून कळत नाही. त्यासाठी पुढची तपासणी लागते. तिची एक पद्धत विजेच्या क्षेत्रात हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करण्याची. रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये तीच वापरून दाखवले की हा आजार एका रेणूतल्या फरकाचा आहे. दोघेही वाहक असलेल्या नवरा-बायकोच्या प्रत्येक बाळाला आजाराची शक्यता चारात एक असते. पहिल्याला झाला म्हणून पुढची तिघे सुटतात असे नाही. हे फार जणांना कुणी सांगितलेलेच नसते.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाने मला राग आला, तुमचा नव्हे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची नीतिविषयक मार्गदर्शक तत्त्वे आहेत. अभ्यास कशाचा, त्रास काय, फायदा काय हे माणसाला कळेल अशा भाषेत सांगून संमती घ्यावी लागते. तुमच्याकडे त्याचा अर्थ पावरीत, भिलोरीत. ‘नाही’ म्हणायचा हक्क प्रत्येकाला आहे, आणि नाही म्हटले म्हणून उपचार अडवता येत नाहीत. त्यांच्याकडे नीती समितीच्या मंजुरीचे पत्र मागा, माहितीपत्रकाची प्रत ठेवून घ्या, आणि पाड्याला निष्कर्ष सांगायला कधी येणार ते लिहून मागा. हे मागायला तुम्हाला कुणाची परवानगी लागत नाही.

संशोधनाचा हात सोडू मात्र नका. बाळ झाल्यावर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी तुम्ही घरी जाता ना? ते काम गडचिरोलीतून आले. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली आणि ४७ गावे तुलनेसाठी धरली. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आले: नवजात बाळांचे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी. २०११ पासून देशभरच्या आशांकडे ते काम आले. त्या सत्तेचाळीस गावांच्या नोंदी तितक्याच काटेकोर ठेवल्या नसत्या तर दिल्लीत कुणी ऐकलेही नसते. म्हणून तुमच्या रजिस्टरातले वजन अंदाजाने भरू नका.

प्रश्न : मी एमएस्सी फिजिक्सला आहे. ‘तीन दिवसांत पेपर छापू, आंतरराष्ट्रीय जर्नल, फी फक्त १८०० रुपये’ असा मेसेज आला. बरोबरीच्या मुलांनी छापले. मी पण पाठवू का?
— विद्यार्थिनी, शहादा

उत्तर : पाठवू नकोस, बेटा. तीन दिवसांत तुझा पेपर कुणी वाचणार नाही. दोन जाणकार माणसे तो वाचतात, शंका काढतात, तू दुरुस्त करतेस, याला महिने जातात. खरी मोलाची गोष्ट हीच, आणि ती अठराशे रुपयांत मिळत नाही. पीएचडीसाठी पेपर छापण्याची सक्तीही विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या नियमांत काढून टाकली आहे, मग घाई कशाची?

त्याऐवजी वाच. फिजिक्सचे लेख ‘आर्काइव्ह’ (arXiv) या संकेतस्थळावर १९९१ पासून फुकट मिळतात. देशातले पीएचडीचे प्रबंध ‘शोधगंगा’वर आहेत. केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६००० कोटी रुपये, तीस प्रकाशकांची सुमारे १३ हजार जर्नल्स, सरकारी उच्च शिक्षण संस्थांसाठी. तुमचे कॉलेज किंवा विद्यापीठ विभाग त्यात आहे का, ते ग्रंथपालांना विचार. असेल तर लॉगिन मागून घे. नसेल तर विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून वाचता येईल का ते बघ.

तुझ्या पत्रात शेवटी ओझरते आले आहे की प्रकल्पात तू सौर पंपाच्या पॅनेलवरची धूळ आणि वीज यांचे मोजमाप केले आहेस. शहाद्याच्या शिवारात याला मोठा उपयोग आहे. फक्त एक पॅनेल रोज पुसलेले ठेवले होतेस का, ते कळव. ठेवले असेल तर ग्राफ पाठव, आपण मिळून बघू. नसेल तर मार्च-एप्रिलमध्ये आणखी एकदा मोजमाप घे, धूळ तेव्हाच जास्त असते.