सीनिअर फिशरीज ऑब्झर्व्हरला (मासेमारीच्या बोटीवर राहून पकडीची नोंद ठेवणाऱ्या वरिष्ठ निरीक्षकाला) बोटीवर नेमकं काय काम असतं? सीनिअर झाल्यावर डेक सुटतो का?

नाही सुटत. ज्याचा सुटला तो सीनिअर नाही, प्रवासी.

तुम्ही लिहिलंय की दोन फेऱ्या झाल्या, लांबी मोजण्याचा आणि ओटोलिथ, म्हणजे माशाच्या कानातला खडा, काढण्याचा कंटाळा आलाय, आणि वरच्या पदावर ‘फक्त देखरेख’ असते असं ऐकलंय. हे ‘फक्त देखरेख’ वाचून मला एक गृहस्थ आठवले, म्हणून लिहायला बसले.

अंटार्क्टिकाजवळच्या रॉस समुद्रातली बोट, टूथफिश नावाचा मोठा मासा लाँगलाइनने, म्हणजे गळ लावलेल्या लांबच लांब दोरीने, पकडणारी. तिथला हंगाम १ डिसेंबरला उघडतो आणि त्या दिवसांत सूर्य मावळतच नाही, त्यामुळे आपण आत्ता झोपून उठलोय की झोपायला चाललोय हे घड्याळाला विचारावं लागतं. अशा बोटीवर निरीक्षक दोन असतात. ते गृहस्थ सीनिअर, मी धाकटी. कॅमलार (CCAMLR), म्हणजे अंटार्क्टिक समुद्रातल्या जीवांच्या संरक्षणाचा आंतरराष्ट्रीय आयोग, त्याचा तिथला नियम असा, की पकडलेल्या दर टनामागे एक टूथफिश टॅग लावून जिवंत सोडायचा. हे काम कागदोपत्री बोटीचं, निरीक्षकाने सोबत राहायचं.

आकडा रोज पूर्ण होत होता. खोटं कोणीच लिहीत नव्हतं. फक्त टॅगच्या टाकीपाशी येणारा प्रत्येक मासा छोटा होता. कारण उघड आहे. दीड मीटरचा मासा धक्का न लावता वर घ्यायचा तर झोळी लागते, दोन माणसं लागतात, आणि त्याचेच पैसे जास्त. मग मोठा जातो बोटीवरच्या फॅक्टरीत आणि पोरंटोरं येतात टॅगला.

आयोगालाही ही खोड माहीत आहे. म्हणून पकडलेल्या आणि टॅग केलेल्या माशांच्या लांबीचा मेळ, म्हणजे दोन्हींतलं लहान-मोठ्यांचं प्रमाण किती जुळतं ते, किमान ६० टक्के असावा अशी अट आहे. आठव्या दिवशी मी दोन्ही लांब्यांचे आलेख एकाच कागदावर काढले. आलेखांची कुबडं वेगवेगळ्या जागी, जणू दोन वेगळी उंटं शेजारीशेजारी उभी राहिली. मेळ पन्नाशीच्याही खाली. कागद घेऊन सीनिअरकडे गेले.

ते म्हणाले, “टनाला एक होतोय ना? मग झालं. कॅप्टनशी वाकडं घ्यायचं नसतं, सीनिअर झालीस की कळेल.”

आता हा सगळा खटाटोप कशासाठी? पुढच्या वर्षी पकडलेल्या माशांत टॅगवाले किती परत आले, त्यावरून समुद्रात एकूण मासे किती याचा अंदाज बांधतात. टॅग कमी परत आले, तर हिशेब म्हणतो मासे भरपूर आहेत, आणि त्या अंदाजावरच पकडीची मर्यादा ठरते. कल्ल्यातून रक्त गळणारा मासा निव्वळ आकडा भरायला टॅग लावून टाकून दिला, तो खाली जाऊन मेला, की कागदावरचा समुद्र आणखी भरलेला दिसतो. टॅग न लावणं त्यापेक्षा बरं.

मी माझी झोपेची वेळ सोडून दोरी वर ओढून घेतात त्या जागी जाऊन उभी राहिले, सलग चार दिवस. बोसनला, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाला, कागद दाखवला. वाटलं होतं ओरडेल. त्याने बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, “आम्हाला किती ते सांगितलं होतं, कुठले ते कोणी सांगितलं नव्हतं.” त्यानंतर आम्ही ठरवलं, ठरलेल्या क्रमांकाला जो मासा येईल तो टॅगला. केवढाही असो, धडधाकट असला की झालं. फेरी संपताना मेळ साठच्या जेमतेम वर गेला. सीनिअरच्या अहवालात ‘टॅगिंग समाधानकारक’ एवढे दोन शब्द आले आणि माझ्या नावापुढे ‘समन्वय कमी’. अजूनही कुठे भेटलो की ते हसून विचारतात, “काय, उंटं कशी आहेत?”

तर सीनिअरचं काम हे आहे. धाकट्याचे फॉर्म त्याच दिवशी तपासायचे, बंदरावर गेल्यावर नाही. नमुना कोणी निवडला हे विचारायचं. दोरी ओढणं चालू असताना गळाला पक्षी येतोय का ते स्वतः पाहायचं. अहवाल, वाद, रेडिओ हे वरचं ओझं, खालचं तसंच राहतं. आणि आपण पोलीस नाही. लिहायचं, पकडायचं नाही. कॅमेरे आले की हे काम संपेल असंही तुम्ही विचारलंय. कॅमेरा मासे मोजेल. कानातला खडा काढणार नाही, आणि बोसनशी तर बोलणारच नाही.

एक कबूल करते. आम्हाला मापं घ्यायला कोरडा कोपरा आणि चांगला दिवा मिळाला होता, तो त्या गृहस्थांनी कॅप्टनशी गप्पा मारून मिळवला होता. तेव्हा मला वाटलं तो तिथे होताच. कॅप्टनने मनात आणलं तर तुमचं काम दहा प्रकारे अडवू शकतो, हे त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण गोड बोलून मिळवलेल्या दिव्याखाली चुकीचे मासे मोजायचे असतील तर तो दिवा कशाला?

सुरक्षिततेबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाहीत, ते आधी विचारायला हवं होतं. निरीक्षक समुद्रावर बेपत्ता झाल्याची प्रकरणं घडलेली आहेत. केबिनला आतून कडी, अंगावर स्वतःचा बीकन (पाण्यात पडलात तर ठिकाण कळवणारं यंत्र), तराफ्याची तपासणीची तारीख, हे पाहिल्याशिवाय चढू नका. बोट नाकारायचा हक्क असतो, तो वापरा. सीनिअर झालात तर धाकट्याच्या वतीनेही वापरा.

पगार आणि बढती प्रत्येक कार्यक्रमात वेगळी, त्यावर बोलत नाही. तुमची बोट कुठली तेही लिहिलेलं नाही. ट्रॉलर, म्हणजे जाळं ओढणारी बोट, असेल तर टॅगचं सगळं सोडून द्या, तिथे भांडण नमुन्याच्या टोपलीवरून होतं. ती खलाशांनी भरून द्यायची की तुम्ही भरायची? तुम्हीच भरा.