पॅरामेडिकला शिकतोय, इमर्जन्सी पटकन ओळखायची कशी?

तुम्ही विचारलंय की परीक्षा तोंडावर आहे; हार्ट अटॅक, लकवा, साखर उतरणं, विषबाधा, सर्पदंश हे चटकन ओळखायला लक्षणांचा एखादा तक्ता मिळेल का. तक्ता कुणीही देईल. माझाही पाठ होता. त्या तक्त्यानिशी मी काय दिवे लावले ते आधी सांगतो.

२०११ साल. डिप्लोमा संपून दीड महिना झालेला. पोळा होऊन चार दिवस झाले होते आणि मी जिंतूरकडच्या आमच्या गावी होतो. चुलतभाऊ, वय १९, शेतातल्या आखाड्यावर गोधडी टाकून निजला होता. पहाटे चारला पोट धरून घरी आला. दोन उलट्या झाल्या. ताप नाही, जुलाब नाही, पोट दाबून पाहिलं तर मऊ. काकू म्हणाली, "काही चावलं-बिवलं का बघ बाबा." मी टॉर्च घेऊन पाय बघितले, हात बघितले, मान बघितली. कुठं खूण नाही, सूज नाही, लाली नाही. "ॲसिडिटी आहे," म्हणालो आणि पँटॉपची गोळी दिली. सगळं घर माझ्या तोंडाकडं बघत होतं, पहिल्यांदाच. त्याचे डोळे मिटायला लागले तेव्हा "झोप लागतेय, लागू द्या" हेही मीच सांगितलं.

साडेसहाला नाना आले. नाना म्हणजे माझे थोरले चुलते, शाळा चौथीपर्यंत. त्यांनी एकच विचारलं, "कुठं निजला होतास रं? बाजंवर का खाली?"

"खाली."

नाना अंगणातल्या कडुलिंबाचा पाला घेऊन आले. पोरानं चावला आणि म्हणाला, "कडूच लागंना गेलंय." नाना म्हणाले, "मण्यारीचं काम हाय हे." मी हसलो. खरंच हसलो. लिंबाच्या पाल्यावरून विष कळत नाही, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो. पण त्या वेळी एक गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर घडली आणि मला तिचा अर्थ लागला नाही. चावलेला पाला त्याच्या गालात तसाच हिरवा गोळा होऊन राहिला होता. त्याला तो गिळता येत नव्हता, थुंकताही येत नव्हता. लाळ ओठाच्या कोपऱ्यातून खाली येत होती.

मग नाना त्याला मारुतीला घेऊन गेले, विष उतरवायला. मी रुसून घरी बसलो. आठला एक पोरगं पळत आलं, म्हणे त्याचा आवाज बदललाय. गेलो तर खरंच नाकातून बोलत होता, आणि माझ्याकडं बघायला कपाळाला आठ्या घालून पापण्या वर ओढत होता. उताणा निजवून मान उचलायला सांगितली, उचलेना. एका दमात आकडे मोज म्हणालो तर अकराला थांबला. धडधाकट माणूस वीस-पंचवीसच्या पुढं सहज जातो.

१०८ ची ॲम्ब्युलन्स तेव्हा नव्हती, ती राज्यात २०१४ ला आली. काळीपिवळी जीप काढली आणि परभणी गाठली, पस्तीसएक किलोमीटर. त्याला कुशीवर ठेवून जबडा पुढं ओढून धरला होता, एवढंच शहाणपण त्या दिवशी माझ्या हातून झालं. कॅज्युअल्टीच्या दारात ओठ निळे पडले. तिथं श्वासनलिकेत नळी घातली, अँटीव्हेनमच्या, म्हणजे सापाच्या विषावरच्या औषधाच्या, १० व्हायल दिल्या, आणि पुढं पाच दिवस व्हेंटिलेटर. मण्यारीचं विष मज्जातंतूच्या टोकालाच इजा करतं. एकदा तिथं बसलं की अँटीव्हेनमनं लगेच सुटत नाही, टोक परत जुळून येईपर्यंत श्वास बाहेरूनच द्यावा लागतो. म्हणून उशीर महागात पडतो. स्नायूंची ताकद परत आणायला देतात ते निओस्टिग्मिनचं इंजेक्शनही नागाच्या दंशाला जसं लागू पडतं तसं मण्यारीला पडेलच असं नाही.

आता तुमच्या कामाचं. खूण शोधणं डोक्यातून काढा. मण्यारीचे दात बारीक, चावा बहुतेक वेळा दुखत नाही, सुजत नाही, आणि ती चावते रात्री, खाली निजलेल्याला. पावसाळ्यात पहाटे पोटदुखी किंवा उलटी घेऊन आलेला माणूस खाली निजला होता का, हे विचारा. मग पापण्या पडताहेत का बघा. मिनिटभर वर बघायला लावा, गिळायला लावा, मान उचलायला लावा, एका दमात मोजायला लावा. ऑक्सिमीटरवर ९७ दिसतंय म्हणून निवांत बसू नका, तो आकडा फार उशिरा पडतो. काचेच्या नळीत २० मिनिटांत रक्त गोठलं म्हणजे विष नाही, असंही कुणी म्हणेल. ती चाचणी घोणस-फुरश्यासाठी आहे, मण्यारीत रक्त गोठतंच.

फवारणीच्या औषधाची विषबाधा यात मिसळते. तिथं डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, घाम आणि लाळ धो धो, अंगाला उग्र वास. मण्यारीत बाहुल्या मोठ्या होऊ शकतात. विंचवालाही घाम आणि लाळ येते, हातपाय गार पडतात. त्यावर प्राझोसिन हे औषध वापरायला शिकवणारे डॉ. हिंमतराव बावस्कर आपल्याच जालना जिल्ह्यातले, देहेडचे. महाडला बसून काम केलं, २०२२ ला पद्मश्री मिळाली. त्यांचं काम वाचा, गाईडं नंतर.

बाकीचं थोडक्यात. बडबडणारा, दारू प्यायल्यासारखा किंवा बेशुद्ध, कुणीही असो, आधी साखर तपासा. अंगावरून वारं गेलंय असं वाटणाऱ्यातही साखर उतरलेली निघते. खरंच वारं असेल तर शेवटचं नीट कधी बोलला ती वेळ लिहून घ्या, रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. शुगरवाल्या बाईचा हार्ट अटॅक छातीत दुखूनच येईल याची वाट बघू नका. दम, घाम, मळमळ आणि "गॅस झालाय" एवढ्यावर ईसीजी काढा. मे महिन्यात तापलेलं अंग आणि भलतंसलतं बोलणं म्हणजे उष्माघात, घाम येत असला तरी.

हे आधी सांगायला हवं होतं: मी डॉक्टर नाही. पापण्या नागाच्या दंशातही पडतात, आणि इतर काही आजारांतही. प्रत्येक पोटदुखीला मण्यार म्हणत सुटू नका. नाहीतर आठवड्यात तुम्हाला कुणी कॅज्युअल्टीत उभं करणार नाही.

भाऊ बरा आहे, त्याला दोन लेकरं आहेत. व्हेंटिलेटरवर असताना बाहुल्या मोठ्या, बोट हलत नव्हतं, एक नातेवाईक पायाशी उभा राहून "गेलं हे" म्हणाला. भावानं ते ऐकलं होतं. नंतर माणसाचं नाव घेऊन सांगितलं. असा रोगी तुमच्यासमोर असेल तर तोंड सांभाळून बोला. मी आणि नाना त्याच खाटेशी भांडलो होतो, उशीर कुणामुळं झाला यावरून. तेही त्यानं ऐकलं.

नाना प्रत्येक लग्नात पंगतीला सांगतात की डिप्लोमावाल्याला कळलं नाही ते मला कळलं. नाना, नातू तुम्हाला हे वाचून दाखवणार आहे, म्हणून इथंच लिहितो. ओळखलं तुम्ही, मान्य. बाज का खाली, हा प्रश्न मी विचारायला हवा होता. पण साडेचार ते साडेसहा माझे आणि साडेसहा ते आठ तुमचे. माझे दोन तास, तुमचा दीड. पुढच्या लग्नात दोन्ही आकडे सांगा.