"समोरचा संघ एवढा भारी, मग आम्ही उतरायचं तरी कशाला?"

रोबोटिक्स स्पर्धांचा मोसम आला की हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. परवाच पुन्हा आला, म्हणून हे लिहितो आहे. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

सोळा वर्षांची मुलगी, संघाची ड्रायव्हर, म्हणजे मैदानात रोबो चालवणारी. तिला ज्यांची धास्ती होती त्यांच्याकडे स्वतःचं वर्कशॉप, प्रायोजक, इंजिनिअर मार्गदर्शक असं सगळंच होतं.

"सर, त्यांचा रोबो मैदानात आला की माझे हात गार पडतात."

'जिद्द असली की सगळं जमतं' हे मी म्हणालो नाही. साधनांची तफावत खरीच होती. ती नाकारली असती तर पोरीने माझं पुढचं काही ऐकलंच नसतं. माणूस स्वतःला जोखायला साधारण आपल्याच कुवतीचा माणूस शोधतो, असं मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी 1954 मध्ये मांडलं. माझा त्यावर फार भरवसा आहे. अंतर अफाट असलं की तुलनेतून शिकायला काही मिळत नाही, जीव तेवढा जळतो.

दोन-तीन भेटी आम्ही तिच्या वहीतच घालवल्या. हरलेल्या सामन्यांपुढे एकच शेरा होता, 'ते भारी होते.' मी एकेका सामन्याची चौकशी करत गेलो. एकात बॅटरीचा कनेक्टर सैल होऊन रोबो बंद पडलेला, दुसऱ्यात ऑटोनॉमससाठी, म्हणजे सुरुवातीला रोबो आपोआप चालतो त्या टप्प्यासाठी, तो चुकीच्या जागी उभा केलेला. त्या दोन्ही सामन्यांत तो भारी संघ मैदानात नव्हताच!

मग मी विचारलं, "त्यांना तुझ्या संघाकडून काय हवं असेल?"

ती गप्प झाली. तिची स्पर्धा फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन. तिथे तीन-तीन संघांचे अलायन्स, म्हणजे एका बाजूने मिळून खेळणारे गट असतात. पात्रता सामन्यांनंतर, मोठ्या स्पर्धांत सहसा वरचे आठ संघ कॅप्टन होऊन जोडीदार संघ निवडतात. पहिल्या फेरीत क्रम एक ते आठ, दुसऱ्या फेरीत उलटा. म्हणजे अव्वल कॅप्टनला दुसरा जोडीदार सगळ्यांच्या शेवटी निवडावा लागतो. हे नियम मला तिनेच शिकवले होते.

"उरलेल्यांतला एक," ती सावकाश म्हणाली. "पण शेवटपर्यंत बंद न पडणारा. समोरच्यांना अडवून धरणारा." आणि एकदम हसली, "सर, म्हणजे ते आमच्यासारखाच कुणीतरी शोधत असतात!"

असे क्षण ओढून आणता येत नाहीत. त्यांना वाट करून देता येते, आणि तेवढं कसब आता हाताला आलंय असं मला वाटतं.

तुमच्या मुलाचंही हेच असेल तर तुलनेसाठी गेल्या वेळी दोन-चार क्रम पुढे राहिलेला संघ धरा. भारी संघाच्या पिटमध्येही, म्हणजे रोबो दुरुस्त करायच्या त्यांच्या जागेत, त्याला जरूर पाठवा; विचारलं तर बरेच जण आनंदाने रोबो दाखवतात. मार्गदर्शकांनी शेवटच्या आठवड्यात नवी यंत्रणा बसवण्याचा मोह आवरावा, कनेक्टर तपासावेत आणि ड्रायव्हरला भरपूर सराव द्यावा. जोडीदार हेरायला इतर संघांची मुलं वही घेऊन चौकशीला येतात, तेव्हा जे खात्रीने जमतं तेवढंच सांगावं. बाकीचं ती मैदानात बघून टिपून घेतातच.