कॉलमवर पैसे घालण्याआधी इंजेक्शन किती मारताय ते बघा

गॅस क्रोमॅटोग्राफवर मळीच्या वॉशमधलं (आंबवलेल्या मळीतलं) इथेनॉल मोजताना एकाच व्हायलच्या (नमुन्याच्या कुपीच्या) सलग इंजेक्शनांत पीकच्या एरियाचा आरएसडी (आकड्यांतली टक्केवारी तफावत) २० टक्क्यांवर जातोय, ब्लँकमध्येही (इथेनॉल नसलेल्या नमुन्यातही) इथेनॉल डोकावतंय आणि सर्व्हिसवाले म्हणतात कॉलम (घटक वेगळे करणारी नळी) गेलाय, हे तुमचं वाचलं आणि भोसरीतली आमची लॅब आठवली. तीच तक्रार, तेच उत्तर.

सेप्टम (सुई जिथून टोचतो ती रबरी चकती), सिरिंज, गळती तुम्ही तपासली असणारच, त्यात शिरत नाही. इंजेक्शन २ मायक्रोलिटर आहे का? असेल तर माझा संशय तिथेच.

वॉशमध्ये बहुतांश पाणी. इंजेक्टर (नमुन्याची वाफ करणारा तापलेला भाग) २५० अंश आणि हेडप्रेशर (कॉलमच्या तोंडाशी वायूचा दाब) १० पीएसआयच्या आसपास असेल तर १ मायक्रोलिटर पाण्याची वाफ साधारण १४०० मायक्रोलिटर होते. इंजेक्टरमधल्या नेहमीच्या ४ मिमी लायनरमध्ये (काचेच्या नळीत) जेमतेम ९०० मावते. जादा वाफ वर सेप्टम पर्ज (सेप्टमखालून वायू बाहेर सोडणारी वाट) आणि कॅरियरच्या (नमुना वाहून नेणाऱ्या वायूच्या) नळीत घुसते, थंड भागात चिकटते आणि पुढच्या रनला सावकाश उतरते. ब्लँकमधलं इथेनॉल बहुधा तेच. एफआयडीला (ज्योतीवर चालणाऱ्या डिटेक्टरला) पाणी दिसत नाही, त्यामुळे क्रोमॅटोग्राम बघून कुणाला पाण्याचा संशयही येत नाही.

आता राग. आमची ज्या सर्व्हिस ऑफिसशी गाठ होती (नाव घेत नाही) त्यांचा इंजिनियर यायचा, हेक्सेनमधलं टेस्ट मिश्रण मारायचा, सगळं पास, आणि रिपोर्टवर शेरा, 'कॉलम बदलावा'. अहो, त्याच कॉलमवर तुमचं मिश्रण पास झालं ना? पास होणारच, तेवढ्याच हेक्सेनची वाफ २०० मायक्रोलिटरच्या आसपास. लायनर उघडा म्हटलं तर तो 'कन्झ्युमेबल', करारात बसत नाही. नवा कॉलम आला, दुखणं तसंच. मग म्हणे दुसरा फेज (कॉलमच्या आतला थर) घ्या, हे घ्या कोटेशन. तोवर आमचे नमुने पैसे भरून बाहेरच्या लॅबला जात होते. शेवटी वाफेचं गणित मांडलं ते आमच्याच एका ट्रेनी मुलीने.

माझ्या मते ०.५ मायक्रोलिटरवर या, लायनर काचेच्या वूलचा घ्या आणि स्प्लिट (कॉलममध्ये न जाता बाहेर सोडला जाणारा वाफेचा वाटा) वाढवा. वॉश सरळ मारत असाल तर ते बंद करा, आधी डिस्टिल करा. साखर लायनरमध्ये करपते आणि मग वूल रोज बदलत बसाल. इंटर्नल स्टँडर्ड (तुलनेसाठी नमुन्यात ठराविक मापाने घातलेला पदार्थ) म्हणून एन-प्रोपेनॉल सर्रास वापरतात, मला ते पटत नाही, कारण ते किण्वनात स्वतःच थोडंफार तयार होतं. पेंटॅन-३-ऑल बरं.

माझा अनुभव स्प्लिट आणि एफआयडीपुरता. हेडस्पेसवाले (द्रवाऐवजी त्यावरची वाफ मारणारे) वेगळं सांगतील, तिथे त्यांचं ऐका. आणि तुमचा कॉलम खरोखरच गेलेला असू शकतो, मी इथून काय बघणार?

जाता जाता, तुम्हीही पुण्याचेच दिसता म्हणून. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जायची असेल तर आधीच ओव्हन थंड करून ठेवा. वीज गेली की कॅरियरचा प्रवाह थांबू शकतो, आणि तापलेल्या कॉलममध्ये हवा शिरली की फेज खराब होतो. यूपीएसवर आमचा भरवसा कधीच नव्हता.

लायनरचा व्यास, स्प्लिट आणि हेडप्रेशर इथे टाका, मग पुढचं बोलू.